देवावर हवाला : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील भविष्यविचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'वर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्या लेखनात लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची घरगुती बोली आणि टिळकांसारख्या थोर व विक्षिप्त पुरुषाशी त्यांनी केलेला संसार ह्या गोष्टींचे कौतुक पुनःपुन्हा आढळते. कौतुक यथार्थ आहे. परंतु ग्रंथाचा ख्रिस्तीपणा हा चरित्रातील एक प्रसंग म्हणून नोंदवायचा, धर्मांतराच्या पानांवर क्षणभर थांबायचे आणि पुन्हा विनोदाकडे वळायचे, अशी आपल्या समीक्षेची रीत पडून गेली आहे. लक्ष्मीबाईंची श्रद्धा एका बाजूला आणि त्यांचे डबे, चूल, वाण्याची उधारी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी ह्या रीतीने गृहीत धरली जाते. प्रस्तुत लेखात ही वाटणी चुकीची आहे असे दाखविण्याचा प्रयत्न आहे. उद्याचा दिवस देवावर सोपविणे म्हणजे काय, हा ख्रिस्ती धर्मजीवनातील अगदी रोजचा प्रश्न. मराठीत त्याचा सर्वांत कसून विचार कोणी केला असेल, तर तो धर्मोपदेशकांनी किंवा कवींनी केलेला नाही. घरखर्च चालविणाऱ्या दोन स्त्रियांनी केला आहे. त्यांतली एक दीड हजारांहून अधिक माणसांचे घर चालवीत होती आणि दुसरी एका कवीचे.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. डोंगरावरील प्रवचनात येशूने उद्याविषयी जे सांगितले, ते मराठीत 'चिंता' ह्या शब्दाने आले आहे. संस्कृतात ह्या धातूला विचार करणे आणि काळजी वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत दुसराच उरला. ही मराठीची सोय म्हटली पाहिजे, कारण जुन्या इंग्रजी भाषांतराने ह्याच ठिकाणी 'थॉट' हा शब्द वापरल्यामुळे त्या भाषेतील वाचकांपुढे पुढे निष्कारण प्रश्न उभा राहिला, की उद्याचा विचारही करावयाचा नाही काय? मराठी वाचकास हा घोटाळा सतावीत नाही. त्याची अडचण निराळी आहे. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला जे विशेषण लावले आहे, त्याच्यासाठी आपण 'रोजची' म्हणतो. मूळ ग्रीक शब्द मात्र इतका विरळ आहे, की त्याचा अर्थ नक्की काय हे पहिल्या शतकांपासून विद्वानांना पडलेले कोडे आहे. संत जेरोमने मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचे एक भाषांतर केले आणि लूकच्या शुभवर्तमानात दुसरे कायम ठेवले. शिवाय मत्तयावरील आपल्या भाष्यात त्याने नमूद केले, की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात ह्या जागी आपल्याला 'माहार' असा शब्द आढळला आणि त्याचा अर्थ 'उद्याची' असा होतो. उद्याची भाकर आज दे! हा पाठ स्वीकारावा की नाही, हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. पण जी प्रार्थना उद्याची चिंता सोडावयास शिकविते असे आपण मानतो, तिच्याच पोटात 'उद्या' दडलेला असण्याचा संभव आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढील विवेचनास आधार मिळेल.

दुसरा शब्द आपलाच आहे. मराठी माणूस देवावर 'भरवसा' ठेवतो, 'भार' टाकतो, आणि देवावर 'हवाला' ठेवतो. ह्यांतील तिसरा शब्द बाजारातून आला आहे. अरबी व्यवहारभाषेत हवाला म्हणजे एकाच्या अंगावरील देणे दुसऱ्याच्या अंगावर वळविणे. दुसऱ्याने ते पतकरले की पहिला मोकळा; पण देणे काही नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी नावावर राहतेच. हिंदू आणि ख्रिस्ती मराठी माणसे हा वाक्प्रचार सारख्याच सहजतेने वापरतात. त्यातील हिशेबाचा कणा मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. देवावर हवाला ठेवला, तर त्या दिवसाचे देणे प्रत्यक्षात कोण भागविते? मराठी ख्रिस्ती आत्मकथने ह्या एका प्रश्नाने तपासली असता त्यांची प्रतवारी पुष्कळच बदलते.

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी जेथे ही श्रद्धा ग्रंथरूपाने नव्हे तर आचाररूपाने नांदते, अशा एका भूभागाकडे पाहणे इष्ट आहे. भाईंदर पश्चिम म्हटले की आज डोळ्यांपुढे लोकलगाडीच्या फलाटावरची गर्दी आणि इमारतींची दाटी येते. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरचा हा भाग. परंतु स्थानकापासून पश्चिमेकडे गेले, की मिठागरे, आणि पुढे राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन ही गावे लागतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई-मोहिमेने पोर्तुगीज अंमल संपला. येथील रोमन कॅथलिक मराठी समाज मात्र आपल्या चर्चसह टिकून राहिला. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ह्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्याची बोली मराठीच. १९९८ मध्ये वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले तेव्हा खाडी हीच सीमा ठरली, आणि भाईंदर मुंबईच्या महाधर्मप्रांतात राहिले. म्हणजे भाषेने वसईशी आणि धर्मव्यवस्थेने मुंबईशी बांधलेला असा हा किनारा आहे.

येथील तिन्ही पारंपरिक व्यवसाय उद्यावर अवलंबून आहेत. मिठागरात भरतीचे पाणी घेऊन उन्हाळाभर ते आटवायचे आणि वळवाची एक सर अवेळी आली तर पिकलेले मीठ डोळ्यांदेखत विरघळताना पाहायचे. समुद्रावर जाणाऱ्याला पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्या फेरीत काय मिळेल हे ठाऊक नसते. भातशेतीचे तर सांगावयासच नको. ह्या तिन्ही अनिश्चिततांना येथील धर्माचाराने उत्तर दिले आहे ते पंचांगाच्या रूपाने. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास 'आगेरा' होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करून घरोघर नेल्या जातात. समुद्रावर निघण्यापूर्वी होड्यांना आशीर्वाद दिला जातो. मुंबई व साष्टीच्या गावठाणांत रस्त्यांच्या कडेला जे क्रूस दिसतात, त्यांपैकी कितीतरी १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. असा क्रूस हा माझ्या मते एक मजकूरच आहे, आणि फार संक्षिप्त मजकूर. त्यावर बहुधा एखादे वर्ष आणि एखादे नाव असते. भोवती दरवर्षी माणसे जमून प्रार्थना म्हणतात. साथ गेली त्याला सव्वाशे वर्षे उलटली तरी म्हणतात.

ह्या आचारात 'मी' नाही. भविष्य सोपविले जाते ते गावाचे, होडीचे, शेताचे. त्यामुळे आत्मकथन ह्या वाङ्मयप्रकारास येथे फारसे कारण पडले नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आपला इतिहास प्रामुख्याने अहमदनगर, पुणे, मुंबई येथील प्रोटेस्टंट मिशनांचा, १८४२ मध्ये निघालेल्या 'ज्ञानोदया'चा आणि नवधर्मांतरितांच्या साक्षींचा इतिहास का झाला, ह्याचे एक कारण येथे सापडते. ज्याने धर्म बदलला त्याला आपले भविष्य एकट्याने देवावर सोपवावे लागते, कारण ते सांभाळणारे घर व जात दोन्ही तुटलेली असतात. ज्याचा धर्म दहा-बारा पिढ्यांचा आहे, त्याचा उद्याचा दिवस काही अंशी गावाने आधीच वाटून घेतलेला असतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारखा वसईचा लेखक, अनेक वर्षे 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करणारा आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचा अध्यक्ष, जेव्हा श्रद्धेविषयी लिहितो तेव्हा ओघाने विहिरी, झाडे आणि हिरवी वसई येतात, हे ह्याच परंपरेला धरून आहे. तेथे भविष्य म्हणजे भूमीचे भविष्य. शेते जाऊन इमारती आलेल्या गावठाणांत आगेरा अजूनही साजरा होतो, ह्याकडे काहीजण केवळ स्मरणरंजन म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. लोंबी बाहेरून आणावी लागली तरी ती आणली जाते, ह्याचा अर्थ उद्याची भाकर मागण्याची सवय शेतापेक्षा चिवट आहे असा होतो.

आता ग्रंथ. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) येथे केवळ विरोधासाठी घ्यावयाचे. हिंदू विधवांच्या दैन्याचे ते चित्रण मोलाचे आहे, ह्यात शंका नाही. पण यमुनेचे भविष्य देव सांभाळीत नाही, लेखक सांभाळतो. पतीचा मृत्यू, त्याआधी त्याने स्वीकारलेली श्रद्धा, यमुनेचा बाप्तिस्मा आणि पुनर्विवाह हे सारे इतके वेळेवर घडते, की ईश्वरी योजना आणि कथानकाची सोय ह्यांत भेद उरत नाही. हवाला ठेवला आणि लगेच वटला. अशा कथेत भरवशाची परीक्षाच होत नाही, म्हणून भरवसा दिसतही नाही. बोधकथांचा हा दोष पुढील कितीतरी ख्रिस्ती कादंबरिकांत उतरला आहे. त्यांची चर्चा येथे करीत नाही.

पंडिता रमाबाईंचे लेखन ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. १८९७ च्या सुमारास दुष्काळाविषयी त्यांनी लिहिलेला मजकूर आणि १९०७ ची इंग्रजीत लिहिलेली साक्ष ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत; वेगळी वाचली तर त्यांतील खरा पेच निसटतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे, आणि पुराणवाचनातून जे मिळेल त्यावर चालत असे. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. धन मिळावे म्हणून शास्त्रात सांगितलेली अनुष्ठाने केली, जपजाप्य केले, दानधर्म केला, दागिने गेले, भांडी गेली, शेवटी जंगलातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. १८७४ मध्ये थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण ह्या तिघांचाही अंत झाला.

ही हकिगत रमाबाई कशासाठी सांगतात? वरवर पाहता मूर्तिपूजेची व पुराणांची निष्फळता दाखविण्यासाठी. आणि मिशनच्या वाचकाने ती तशीच घेतली. पण थोडे थांबून पाहिले, तर हे कुटुंब जे करीत होते ते काय होते? उद्याचा दिवस देवावर सोपवून ते बसले होते. कोणाची नोकरी करावयाची नाही, साठवावयाचे नाही, देव देईल. आणि रमाबाईंनी पुढे केडगावला जे केले, त्याचे वर्णन त्या स्वतः जवळजवळ ह्याच शब्दांत करतात. जॉर्ज म्यूलरचा ब्रिस्टलमधील अनाथाश्रम, चीनमधील इन्लँड मिशन आणि जॉन पेटन ह्यांच्याविषयीची पुस्तके वाचून आपल्याला प्रश्न पडला, की कोणापुढे हात न पसरता केवळ परमेश्वरावर विसंबून राहणे हिंदुस्थानात शक्य होईल काय, असे साक्षीत त्यांनी सांगितले आहे. हा प्रश्न एखाद्या इंग्रज मिशनरी बाईने विचारला असता तर तो भाबडा ठरला असता. रमाबाईंना तो विचारण्याचा अधिकार होता, कारण अशा विसंबण्याने हिंदुस्थानात काय होते हे त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिले होते. एक भरवसा माणसे मारतो, एक तारतो; दोन्ही भरवसेच. मग फरक कशात?

रमाबाईंचे उघड उत्तर धर्मशास्त्रीय आहे : तो देव खोटा होता, हा खरा आहे. समीक्षकाला ह्या उत्तराशी भांडण्याचे कारण नाही, पण त्यावर थांबताही येत नाही, कारण रमाबाईंचा मजकूरच त्यावर थांबत नाही. मरणोन्मुख वडिलांनी आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती सोपविले आहे, तू त्याचीच हो, अशा आशयाचे निरोपाचे शब्द सांगितले, ही हकिगत त्या साक्षीत मोठ्या आदराने सांगतात. ज्या पित्याची श्रद्धा निष्फळ म्हणून दाखवावयाची, त्याच्याच सोपविण्याला त्या आपल्या साऱ्या पुढील आयुष्याचे मूळ मानतात. येथे साक्षीचा वादविवादी सूर क्षणभर गळून पडतो. ह्या एका परिच्छेदासाठी ते पुस्तक वाङ्मय म्हणून टिकेल, असे माझे मत आहे.

दुसरे उत्तर त्यांनी शब्दांत दिलेले नाही. ते केडगावच्या मुक्तिसदनात आहे. अनंतशास्त्र्यांचा भरवसा फलश्रुतीवर होता. अमुक अनुष्ठान, अमुक दिवस, अमुक फल. हा व्यवहार पक्का होता आणि म्हणूनच फल न येताच माणसाजवळ करण्यासारखे काही उरले नाही. वडील जलसमाधीचा विचार करीत असता रमाबाईंच्या भावाने मात्र, मी मजुरी करीन पण असे होऊ देणार नाही, असे ठरविले. हा भाऊ दुष्काळाच्या हकिगतीतील खरा वळणबिंदू आहे आणि आजवर त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. केडगावला जमीन घेतली गेली, विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली आणल्या गेल्या, १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि घरातील माणसांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. एवढ्या माणसांचे धान्य महिन्याचे म्हणून भरावे लागते. उद्याची चिंता न करणाऱ्या ह्या बाईंनी उद्याची तजवीज मात्र अतिशय काटेकोर केली. चिंता आणि तजवीज ह्या दोहोंत मराठी भाषा जो भेद सहज करते, तो मुक्तिसदनाने आचरून दाखविला.

तथापि एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. म्यूलरच्या परंपरेत, आम्ही कोणाजवळ मागत नाही असे सांगणारी वार्षिक वृत्ते छापली जात. आणि न मागण्याचे ते वृत्त हेच मागण्याचे सर्वांत प्रभावी साधन होई. 'मुक्ती प्रेयर बेल' ह्या नियतकालिकाचे वाचक समुद्रापलीकडे होते आणि पैसेही पुष्कळ तिकडून येत. ह्यात लबाडी होती असे मुळीच सूचित करावयाचे नाही. पण अशा लेखनात प्रत्येक अडचणीपाठोपाठ तिचे निवारण येणे अपरिहार्य होते. विहिरीला पाणी लागले नाही तो दिवस वृत्तात टिकत नाही, पाणी लागले तो टिकतो. पदमनजींच्या कादंबरीतील दोषाचीच ही सौम्य आवृत्ती म्हणावी लागेल. रमाबाईंचे मोठेपण असे, की त्यांच्या आयुष्याने ह्या साच्याला अखेरीस दाद दिली नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती मुक्तिसदनाचे भविष्य सोपवावयाचे तीच गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुरे करीत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. छापील संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये आला.

लक्ष्मीबाईंना समुद्रापलीकडचे वाचक नव्हते. त्यांच्या भरवशाचे वृत्त कोणास पाठवावयाचे नव्हते. ही उणीव नसून हाच त्यांच्या ग्रंथाचा लाभ आहे.

टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भविष्य वर्तविले, ही गोष्ट १८९३ ची. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या चरित्रकारांना हे भविष्य फार आवडते. पण त्याच दिवशी दुसऱ्या एका माणसाचे भविष्य संपले होते. पती जिवंत असून घर नाही, सौभाग्य आहे आणि संसार नाही, अशा स्थितीत लक्ष्मीबाईंनी पुढील काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. त्या काळाची 'स्मृतिचित्रां'तील पाने कोणाही सहृदय वाचकास विसरता येणार नाहीत. त्यांत देवाला दोष नाही, टिळकांना शाप नाहीत. आणि भरवशाची भाषाही नाही, हे विशेष. पुढे ख्रिस्ती झालेल्या लेखिकेला त्या दिवसांवर मागाहून ईश्वरी योजनेचा रंग चढविणे सोपे होते. रूढ साक्षलेखनाची तशी अपेक्षाही होती. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. तेव्हा जे दिसत नव्हते ते लिहितानाही त्यांनी दिसू दिले नाही. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी जातिभेदाविषयी त्यांच्या मनात जो पालट झाला, तोही कोणा उपदेशकाच्या शब्दांनी नव्हे, स्वतःशी केलेल्या घरगुती तर्काने झाला, असेच त्या सांगतात.

टिळकांचा स्वभाव सर्वश्रुत आहे. हाती आलेले देऊन टाकावयाचे, बाजारात एक आणावयास जावे आणि दुसरेच घेऊन यावे, घरात अनाथ मुले आणावी, पाहुणे आणावे, कवी आणावे. बालकवी ठोंबरे अहमदनगरला त्यांच्या घरी असेच मुलासारखे राहिले. उद्याची चिंता करू नये हे वचन टिळकांनी अक्षरशः पाळले, असे म्हणण्यास हरकत नाही. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबर वेतनही सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याच्या कामास ते लागले. ख्रिस्ती संन्यासाची ही कल्पना भव्य आहे. वारकरी संतांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे गेलेल्या माणसाला ती सुचणे स्वाभाविकही होते. योगक्षेम देवाने वाहावा ही श्रद्धा त्यांना बायबलमध्ये नव्याने शिकावी लागली नव्हती.

परंतु हवाल्याचा अर्थ पुन्हा आठवावा. टिळकांनी देवावर ठेवलेला हवाला रोज संध्याकाळी वटवीत कोण होते? पानावर बसणारी माणसे चार असोत की चौदा, भात रांधणारे हात दोनच होते. 'स्मृतिचित्रां'तील विनोद बहुतांशी ह्याच जागी निर्माण होतो, ही गोष्ट पुस्तक पुन्हा चाळून कोणीही पडताळून पाहावी. टिळकांच्या वेंधळेपणावर तो विनोद आहे असे आपण समजतो; खरे तर तो दोन भरवशांतील अंतरावर आहे. एक भरवसा डबा रिकामा करून निर्धास्त होतो, दुसरा रिकाम्या डब्यापुढे उभा राहून उद्याची भाकर आजच मागतो. जेरोमच्या पाठाचा अर्थ लावावयास ह्याहून चांगले भाष्य मला ठाऊक नाही. लक्ष्मीबाई टिळकांवर रागावतात, त्यांना बोलतात, पैसे लपवून ठेवतात, आणि तरी पुस्तकात एकदाही असे वाटत नाही की टिळकांची श्रद्धा खोटी आणि आपला व्यवहार खरा असे त्यांना म्हणावयाचे आहे. टिळकांची उदारता त्यांच्या काटकसरीवर उभी होती हे त्यांना कळत होते. टिळक नसते तर आपली काटकसर केवळ काटकसर राहिली असती, हेही कळत होते. म्हणून त्या हसतात. हे हसू तक्रारीचेही आहे आणि कबुलीचेही. ते वेगळे काढू गेले तर दोन्ही नासतात.

आजच्या स्त्रीवादी समीक्षेने लक्ष्मीबाईंच्या श्रमांकडे लक्ष वेधले, ते आवश्यकच होते. पुरुषाच्या संन्यासाची किंमत स्त्री भरते, हा तिचा निष्कर्ष 'स्मृतिचित्रां'तून सहज काढता येतो. मात्र तेथेच थांबल्यास लक्ष्मीबाई केवळ भोगणाऱ्या ठरतात. त्यांचे लेखन तसे सांगत नाही. टिळकांचे निधन १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस झाले. मागे राहिले ते 'ख्रिस्तायन', तेही आरंभलेलेच. ज्या बाईचे शालेय शिक्षण नव्हते, जिला जोडाक्षरांचा कंटाळा, तिने ह्या महाकाव्याचा बहुतांश भाग रचून ते पुरे केले. काव्य म्हणून त्याची योग्यता मर्यादित आहे. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'ची भाषिक समृद्धी त्यात शोधू नये. पण दुसऱ्याने अर्धवट टाकलेले काम आपल्या अंगावर घेणे, ह्याला व्यवहारात हवाला पतकरणे असेच म्हणतात. आयुष्यभर टिळकांचे हवाले ज्या बाईच्या अंगावर न विचारता पडत गेले, तिने हा अखेरचा आपण होऊन पतकरला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात भरवशाचे एवढे सक्रिय रूप मला अन्यत्र आढळलेले नाही.

'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तल्या तेव्हा अखेरचा भाग अपुरा होता, आणि पुढचे काम त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांच्याकडे आले. ह्या अपुरेपणाचा उल्लेख आवृत्त्यांच्या प्रस्तावनांत खंत म्हणून होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने तपासावा, असे सुचवावेसे वाटते. साक्षलेखनाला शेवट लागतो, कारण देवाने केले ते सारे सांगून झालेले असते. आठवणींना तो लागेलच असे नाही. तसेच भाईंदर, उत्तन, डोंगरी ह्या पट्ट्यात क्रूसांवरील लेख, आगेऱ्याच्या प्रार्थना आणि मिठागरांवरील व होड्यांवरील बोलीत उद्यासाठी वापरले जाणारे शब्द ह्यांचा संग्रह अद्याप झालेला नाही, तोही विभागाने हाती घ्यावा. ह्या किनाऱ्यावर आत्मकथन विरळ असले, तरी प्लेगनंतर उभ्या राहिलेल्या क्रूसापुढे दरवर्षी कोण मेणबत्ती लावते, ती जागा पुढच्या वर्षासाठी कोणाकडे जाते, आणि ती व्यक्ती गाव सोडून गेली तर काय होते, एवढे विचारण्यापासून प्रारंभ करता येईल. मिठागरे आटत चालली आहेत आणि ही बोली बोलणाऱ्या वृद्ध माणसांची संख्याही. तेव्हा हे काम येत्या उन्हाळी सुटीपलीकडे टाकू नये.